शेवटच्या नळाचं पाणी

आमच्या ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून दर रविवारी सकाळी मी आठवड्याची माहिती देते. बंद पडलेले दिवे, मोकाट कुत्री, लसीकरणाचा वार, रात्रीची गस्त. पाण्याची त्यात एकच ओळ असायची, "टीसीएल टाकलं आहे." टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. ती ओळ किती पोकळ होती, हे जुलैतल्या एका मंगळवारी कळलं.

सकाळी सातला आशाताईंचा फोन आला. "सरपंचताई, खालच्या आळीत तीन दिवसांत ९ जणांना जुलाब. वरच्या आळीत कुणालाच नाही." विहीर एक, टाकी एक. मग दोष खालच्या लाइनमध्येच असणार. आधी त्या लाइनचा वॉल्व्ह बंद केला, आरोग्य केंद्राला कळवलं आणि आळीला टँकर लावला. घरोघरी ओआरएसची पाकिटं दिली. एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचं. पेल्यात अर्धं पाकीट अंदाजानं टाकायचं नाही, हे आशाताई प्रत्येक दारात सांगत होत्या. लहान मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या, १४ दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडायच्या नाहीत.

मग ओटी टेस्ट, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची. नळीत पाणी, त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग पहिल्या १० सेकंदांत बघायचा. नंतर हळूहळू चढणारा पिवळेपणा खऱ्या, मोकळ्या क्लोरीनचा नसतो. टाकीखालच्या नळाला फिकट रंग आला. वॉल्व्ह बंद करण्याआधी आळीतल्या शेवटच्या घरानं भरलेल्या हंड्याला तर काहीच नाही. तिथं किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं.

टाकीत पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाच्या रजिस्टरात मात्र सगळं बरोबर होतं. टाकी ५०,००० लिटरची. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅम, रोज. चूक पावडरीत निघाली. पोतं पंपघराच्या ओलीत महिनोन्‌महिने सुतळीनं बांधून ठेवलेलं. खडे झालेले, नाकाला झणका नाही. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं; ओल आणि हवा लागली की ते उडून जातं, उरतो चुना. शिवाय पावडर कोरडीच झाकणातून टाकीत ओतली जायची. ती तशीच तळाला बसते. खरं तर बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचं. एका बादलीला १०० ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे आमच्या टाकीला तीन बादल्या. १० मिनिटांत चुना खाली बसला की फक्त वरची निवळ टाकीत सोडायची, आणि पाणी सोडण्याआधी निदान अर्धा तास थांबायचं.

पण नुसत्या मेलेल्या पावडरीनं एकच आळी आजारी पडत नाही. दुपारी गटारातला गाळ उपसला, तेव्हा एका घराची अर्धा इंची जोडणी गटारातूनच गेलेली दिसली. सॉकेटपाशी बोटभर चीर, तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाणी चालू असताना चिरेतून बाहेर गळतं. गटार वाहतंच असल्यानं कुणाला कळत नाही. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि तीच चीर गटार आत ओढते. त्यात आळीत टिल्लू पंप थेट नळाला लावलेले, म्हणजे ओढ आणखी जोरात. दुसऱ्या दिवशीचा पहिला हंडा भरणाऱ्याच्या वाट्याला ते सगळं येतं.

जोडणी तोडली आणि गटाराच्या वरून नवा पाइप टाकला. सांध्याला लावलेलं चिकट सोल्युशन वाळू दिलं. नव्या पावडरीचं पाणी लाइनीत रात्रभर कोंडून ठेवलं आणि सकाळी शेवटच्या टोकाला नळ उघडून वाहून जाऊ दिलं. एचटूएस बाटलीत दूषित पाणी ठेवलं की ते काळं पडतं. टँकर मात्र आळीचा त्या बाटलीतला नमुना ४८ तास काळा न पडल्यावरच बंद केला.

आता पावडर घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये असते, वर फोडल्याची तारीख लिहिलेली. स्पीकरवर "टाकलं" हा शब्द बंद. टाकीखाली किती, शाळेपाशी किती, खालच्या आळीच्या शेवटच्या नळाला किती, हे तीन आकडे वाचते. परवाचा शेवटचा आकडा ०.२ होता.

गटारातून गेलेल्या अजून चार जोडण्या आहेत. दोन पुढच्या आठवड्यात निघतील. उरलेल्या दोन घरांचे ओटे पाइपावर बांधलेले आहेत आणि ते फोडायला घरवाले तयार नाहीत. त्यांना नोटिसा गेल्या आहेत.