ट्रॅक एक ते चार

विनोदी कलाकारांचं रेकॉर्डिंग म्हटलं की माझ्या कपाळाला आधीच आठ्या पडतात. गायक कधी वर चढणार ते चालीवरून कळतं, वक्ता कधी तापणार ते त्याच्या मानेच्या शिरांवरून कळतं. ही मंडळी मात्र कुजबुजता कुजबुजता एकदम टेबलावर हात आपटतात आणि मागे रेलून गडगडाटी हसतात. आवाज सगळ्यांत मोठा होतो नेमकं तेव्हाच तोंड माइकपासून सगळ्यांत लांब. मग लेव्हल नेहमीपेक्षा खाली ठेवा, टेबलावर जाड कापड अंथरा, त्यांच्या अंगठ्या-कडी काढून ठेवा. एवढं करूनही एखादं हसू फाटतंच.

त्या दिवशी चौघं होते. नावं सांगत नाही, तसा शब्द दिला आहे, आणि हे लिहिण्याआधी चौघांनाही विचारलं आहे. प्रत्येकाच्या माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर उतरतो, आणि मी तसाही कामावर माणसांना ट्रॅकच्या नंबरानेच ओळखतो. एक आणि दोन ही एकेकाळची जोडी. कित्येक वर्षं एकत्र कार्यक्रम केले, मग वेगळे झाले. भांडण वगैरे झालं नव्हतं, असं दोघंही सांगतात. जरा जास्तच वेळा सांगतात. तीन म्हणजे टीव्हीवरच्या स्किटमधून नावारूपाला आलेली अभिनेत्री. चार हा नवा पोरगा, तिघांहून बराच लहान, बोलताना अडखळणारा. सूत्रसंचालक नको, आपसांतच मोकळं बोलू द्या, असं निर्मात्याचं म्हणणं. विषय मैत्री, आपली ओळख आणि हा धंदा, असा ऐसपैस.

सुरुवातीचा बराच वेळ फुकट गेला. चौघंही एकमेकांना कार्यक्रमच करून दाखवत होते. विनोदवाल्यांची एक खोड असते. दुसऱ्याचा विनोद खरंच आवडला तर ते हसत नाहीत. सुताराने दुसऱ्याच्या खुर्चीचा सांधा चाचपून बघावा, तसे मान हलवून 'चांगलाय' म्हणतात. हसतात ते भलत्याच जागी. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधलं हसू टिपून ठेवलं होतं. त्याला आढळलं ते असं, की बहुतेक हसू विनोदावर येतच नाही, साध्यासुध्या वाक्यांवर येतं. आणि माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. हेडफोन लावून पोट भरणाऱ्या कुणालाही हे पटेल. त्या दिवशीचं पहिलं खरं हसू आलं ते 'जरा सरक ना तिकडे' या वाक्यावर.

गाडी रुळावर आली ती तीनमुळे. ती म्हणाली, "माझ्या सगळ्यांत गाजलेल्या स्किटवर परीक्षक बाई खुर्चीतून घसरेपर्यंत हसतात ना, तो शॉट माझा नाहीच. माझ्या वेळी त्यांनी चष्मा लावला होता. शॉटमध्ये चष्मा नाही." म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी स्किटवरचं हसू उचलून तिच्या पंचला, म्हणजे विनोदाच्या हशा आणणाऱ्या वाक्याला, चिकटवलं होतं. हे तिला घरच्यांसोबत टीव्ही बघताना कळलं, आणि सगळे कौतुक करत असल्यामुळे बोलताही आलं नाही. मला काचेपलीकडे जरा अवघडल्यासारखं झालं, कारण उसन्या हसूचा मूळपुरुष आमच्याच बिरादरीतला. चार्ल्स डग्लस हा ध्वनितंत्रज्ञ. १९५०च्या दशकात त्याने एक पेटी बनवली होती. टंकयंत्रासारख्या कळा दाबायच्या, की हवं तसं हसू बाहेर. खुदखुद हवी तर खुदखुद, लोळणं हवं तर लोळणं. पेटी तो कुलूप लावून ठेवायचा. आतली यंत्रणा कुणाला दाखवायचा नाही.

मग तीन स्वतःच्या शरीरावरच्या विनोदांकडे वळली. तिची सुरुवातीची सगळी वाटचाल त्यावरच झालेली. "मला वाटायचं, मीच आधी बोलले तर दुसऱ्याला बोलायला काही उरणार नाही. उरतं. माझंच वाक्य पाठ करून येतात आणि सोबत फोटो काढताना मलाच ऐकवतात. वर म्हणतात, ताई, तुमचाच आहे हा." यावर एक, दोन, चार कुणीच 'चांगलाय' म्हटलं नाही.

चारचं अडखळणं हा आमच्या कामाच्या दृष्टीने नाजूक मामला होता. एडिटिंगमध्ये आम्ही 'अं', 'म्हणजे', दोनदा आलेला शब्द, असा सगळा केरकचरा काढतो. निर्मात्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्याचं जरा स्वच्छ कर." चारला बहुधा याचा वास आला असावा. तो स्वतःच म्हणाला, की पाठ केलेलं बोलताना, कुणाचं सोंग घेतल्यावर किंवा गाताना त्याची जीभ फारशी अडत नाही. अडखळणाऱ्या पुष्कळ माणसांचं असंच असतं. पण प्रेक्षकांना ते माहीत नसतं. कार्यक्रमानंतर बाहेर भेटलेल्या माणसाशी तो अडखळत बोलला, की त्याला वाटतं हा आता नाटक करतोय. आणि स्टेजवर अडखळला, की वाटतं हा त्याचा भाग आहे. "म्हणजे ख-ख-खरा मी कुठेच ध-धरला जात नाही," तो म्हणाला. मग काचेतून थेट माझ्याकडे बघून, "कापू नका हं. माझा टायमिंग त्यातच आहे." मी अंगठा वर केला. निर्मात्याचं काय ते नंतर बघू.

मैत्रीवर बोलणं येईपर्यंत सगळे थकले होते. ते बरंच झालं. थकलेला नट खरं बोलतो. तीनने 'शाकुंतल' काढलं. बाईंचं वाचन दांडगं आहे, स्किटमध्ये ते कुणी विचारत नाही. दुष्यंत मनातली गोष्ट सांगतो ती विदूषकाला. मग त्यालाच धास्ती वाटते, की हा बडबड्या अंतःपुरात जाऊन बोलून बसेल. म्हणून त्याला राजधानीत परत पाठवताना सांगतो, अरे, ती सगळी थट्टा होती, खरं धरू नकोस. "आपल्याला लोक असंच वागवतात," तीन म्हणाली. "मन मोकळं करायला आपणच लागतो. आणि सांगून झालं, की आपलीच भीती वाटते."

एक लगेच म्हणाला, "भीती बरोबरच आहे. आपण वापरतोच."

हे तो सहज बोलून गेला. पण माझ्या मीटरवर दोनचा ट्रॅक बराच वेळ सपाट होता. एरवी हा माणूस स्वस्थ बसत नाही, कापडावर बोटं घासतो, पेन उघडझाप करतो. एकने मग जोड्या तुटण्याचा विषय काढला. डीन मार्टिन आणि जेरी लुईस या अमेरिकन विनोदवीरांची जोडी २५ जुलै १९४६ला जमली आणि बरोबर दहा वर्षांनी, २५ जुलै १९५६ला, त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला. मग २० वर्षांनी लुईसच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गायक फ्रँक सिनात्रा लुईसला न सांगता मार्टिनला घेऊन आला. एकला बहुतेक तिथून गोड शेवटाकडे न्यायचं होतं. दोन म्हणाला, "मला त्यांचं नाही, लॉरेल आणि हार्डीचं आठवतं. १९५७ला हार्डी गेला. त्यानंतर लॉरेलने काम केलं नाही, पण दोघांचे प्रवेश लिहीत राहिला. घरी बसून." थोडं थांबून म्हणाला, "मी पण अजून दोघांचंच लिहितो. मग तुझी वाक्यं खोडतो."

आणि मग, त्याच सुरात, "तुझ्या कार्यक्रमाला आलो होतो मी. शेवटच्या रांगेत होतो."

"कधी?"

"बाबांचं केलंस तेव्हा."

दोनच्या वडिलांना विसरण्याचा आजार होता. ते रोज मुलालाच एक प्रश्न विचारायचे. एका रात्री फोनवर दोनने तो एकला सांगितला होता, आणि एकने तो कार्यक्रमात घेतला होता. तो प्रश्न इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. पण त्या क्षणी स्टुडिओत काय झालं, तर 'बाबांचं' हा शब्द कानावर पडताच एकच्या तोंडून तो प्रश्न निघून गेला. त्याच आवाजात, त्याच कापऱ्या हेलात. मुद्दाम नव्हे. सवयीने. आणि तीन फिसकन हसली, मग अर्ध्यावरच थांबली.

"हां, अगदी असंच," दोन म्हणाला. "उत्तम करतोस. मी हसलो. शेजारच्याच्या आधी हसलो. मग घरी गेलो. ते जागेच होते. त्यांनी मला तेच विचारलं आणि मला तू दिसलास. त्यांच्या तोंडावर हसायला लागलो मी."

त्यानंतर कुणीच बोललं नाही. दहा-बारा सेकंद असतील. रेकॉर्डिंगच्या टेबलावर ही फार मोठी वेळ आहे. मशीन बंद पडलं का म्हणून मी दोनदा दिव्यांकडे बघितलं.

मग चार म्हणाला, "ह-ह-ह्यात मी कुठे हसायचं ते कुणीतरी सांगा. मी नवीन आहे."

चारही ट्रॅक एकदम लाल झाले. त्या हसण्याचा एकही सेकंद नीट आलेला नाही, सगळा फाटका. ओसरल्यावर एक म्हणाला, "तुला विचारायला हवं होतं मी." दोन म्हणाला, "विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं. वर दोन जागा सुधारून दिल्या असत्या." हे मात्र दोघांनाही हसण्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने ती नुसती माहिती होती.

रात्री दोनचा मेसेज आला, की बाबांचं ते वाक्य काढ, बाकी राहू दे. निर्मात्याला नेमकं तेच वाक्य जाहिरातीच्या तुकड्यात हवं होतं. त्याच्याशी माझं जे झालं त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच, की वाक्य ज्याच्या वडिलांचं, त्याचं ऐकायचं, यावर मी हटलो नाही. अडचण दुसरीच होती. एकाच टेबलाभोवती चार माइक असले, की एकाचा आवाज चौघांच्या ट्रॅकवर पाझरतो. एकच्या ट्रॅकवरून वाक्य पुसलं तरी बाकी तिघांच्या माइकवर ते पुसट ऐकू येणारच, शिवाय तीनचं हसू त्यावर चढलेलं. म्हणजे तेवढा तुकडा चारही ट्रॅकवरून आरपार कापायचा, आणि सांधा दिसणार नाही असा जोडायचा. मी दोनला म्हटलं, एकदा येऊन ऐकून जा.

तो आला. कापलेलं ऐकलं, मान हलवली. मग म्हणाला, "ते शांत आहे ना, ते लाव." लावलं. "आता फक्त त्याचा ट्रॅक." मी बाकीचे तीन बंद करून एकचा तेवढा चालू ठेवला आणि आवाज वाढवला. वातानुकूलन यंत्राची घरघर, कापडावर घासलेली बाही, मग एक आखूड श्वास. नाकातून, झटकन आत घेतलेला. पुढे काही नाही.

"परत."

परत लावलं. दोन स्क्रीनवरच्या त्या बारीकशा उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाला, "पंच होता त्याच्याकडे. पंचच्या आधी तो असाच श्वास घेतो. इतकी वर्षं शेजारी उभं राहून मी या श्वासावर माझं तोंड बंद करत आलोय." तिसऱ्यांदा ऐकलं. "मारला नाही त्याने."

शांतता काढून टाकणारी सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. एरवी मी ती डोळे मिटून चालवतो, तासाच्या गप्पा त्याने बऱ्याच आटोपशीर होतात. या भागापुरती ती बंद ठेवली. चारचं अडखळणंही जसंच्या तसं ठेवलं. निर्माता म्हणाला, लोक मध्येच उठून जातील. गेले असतील काही.

भाग प्रसिद्ध झाल्यावर एकचा मेसेज आला, "ती शांतता ओढून लांब केलीस ना? मी एवढा वेळ गप्प बसूच शकत नाही." मी त्याला त्याचा कच्चा ट्रॅक पाठवला, आणि दोनने ऐकलेल्या श्वासाचंही सांगितलं. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "त्याला म्हणावं, पंच भिकार होता. म्हणून गिळला."

मी ते तसंच दोनला पाठवलं. त्याने उलट विचारलं, "काय होता, सांगितलं का?"