बेकरीची पाटी

गोरेगावच्या एका व्हीएफएक्स स्टुडिओत मी मॅट पेंटिंग करत होते. सेटवर दोन-तीन भिंती उभ्या असतात, त्यांच्यामागचं उरलेलं शहर आम्ही रंगवतो. त्या आठवड्यात एका परदेशी फॅण्टसी चित्रपटातला बाजार माझ्याकडे आला. शहर काल्पनिक, सूचना एकच: अरबी वाटलं पाहिजे.

रेफरन्सच्या फोल्डरमध्ये ताजमहालाचा घुमट, मोरोक्कोचे कंदील, जैसलमेरचे झरोके आणि टोपलीतून फणा काढणारा नाग होता. आग्र्यापासून माराकेशपर्यंतचं सगळं एकाच गल्लीत. मला काहीच खटकलं नाही. लहानपणापासून सिनेमात अरबस्तान असाच तर पाहिला होता.

दुकानांना चौदा पाट्या हव्या होत्या. नेटवरून अरबी शब्द शोधले, चिकटवले. संध्याकाळी लायटिंगमधला सहकारी चहा घेऊन आला आणि माझ्या स्क्रीनपाशी थबकला. तो दापोलीचा, लहानपणी मदरशात अरबी वाचायला शिकलेला.

"हे काय लिहिलंयस?"

"खुब्झ. म्हणजे पाव. बेकरी आहे ना ती."

"उजवीकडून वाच. झा, बा, खा. उलटं झालंय, आणि अक्षरं सुटी पडलीत."

अरबी उजवीकडून डावीकडे जाते आणि शब्दात कुठे बसलंय त्याप्रमाणे अक्षर आपलं रूप बदलतं, शेजारच्याला जोडून घेतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सेटिंग चालू नव्हती. जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडे सरकलेल्या मराठी पाट्या आपण पाहतो, तसंच.

मग तो 'अलादीन'बद्दल बोलला, डिस्नेच्या 1992 च्या कार्टून चित्रपटाबद्दल. चेहरा आवडला नाही तर कान कापतात, अशी ओळ त्याच्या पहिल्याच गाण्यात होती. अरब-अमेरिकनांनी विरोध केल्यावर 1993 मध्ये व्हिडिओसाठी ती बदलली, पण त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच ठेवला. त्यातल्या दुकानांवर तर नुसत्या अरबीसारख्या रेघोट्या. "मी लहान होतो, त्या पाट्या वाचायला बघायचो. काहीच लागायचं नाही. वाटायचं, मलाच येत नाही."

हे ऐकून माझ्या पोटात तुटलं. अलादीनची गोष्ट युरोपात पोचवली ती हन्ना दियाब या अलेप्पोच्या माणसाने. 1709 मध्ये पॅरिसात त्याने ती 'अरेबियन नाइट्स'चं फ्रेंच भाषांतर करणाऱ्या आंत्वान गालाँला सांगितली. सांगणारा अरब, आणि अरबी वाचणाऱ्या मुलाला त्याच गोष्टीच्या सिनेमात एक शब्द लागू नये!

त्या रात्री आम्ही घरी गेलो नाही. त्याने चौदाही पाट्या ब्रशने कागदावर लिहिल्या, मी स्कॅन करून भिंतींवर चढवल्या. झरोके काढले, नाग काढला. बेकरीपुढे गोल, चपट्या पावांची चळत रचली. सुपरवायझरने काही न विचारता शॉट पाठवून दिला.

चार दिवसांनी उत्तर आलं: पाट्या ठीक, धुरळा आणखी पिवळा करा, नाग परत आणा. मी नागासाठी भांडले, उपयोग झाला नाही.

चित्रपटात तो शॉट दोन सेकंदांचा आहे. नाग मधोमध आहे. त्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, बेकरीची पाटी वाचता येते.