लिटरमधला एक गोळा

आज बुधवार, आत्ता कुठे जरा बसायला मिळालंय म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरी बोका आहे आणि ज्यांनी घरात प्लास्टर, टाइल्स, लिकेज असलं काही काम काढलंय किंवा काढणार आहेत त्यांनी हे नक्की वाचा.

आम्ही नवी मुंबईत नेरूळला राहतो, सिडकोची जुनी बिल्डिंग, तळ अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, आमचं घर दुसऱ्यावर. सिडकोच्या जुन्या घरात ज्यांनी पावसाळे काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आधी छताला पिवळट डाग येतो, मग पोपडे सुटतात, आपण रंग मारून वर्ष ढकलतो. गुरुवारी सकाळी आई चहा टाकत होती आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये धाडकन स्लॅबचं प्लास्टर खाली आलं, परातीएवढा तुकडा. राणी, आमची कुत्री, दोनच मिनिटांपूर्वी तिथे लोळत होती. वर बघितलं तर सळ्या उघड्या पडलेल्या, गंजून फुगलेल्या, बोट लावलं की पापुद्रे हातात. मिस्त्रींनी आल्या आल्या सांगितलं की ताई, नुसतं सिमेंट थापून काही होणार नाही, सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते, म्हणजे जेवढं पोकळ वाजतंय तेवढं सगळं छिन्नीने काढायचं, सळ्या तारेच्या ब्रशने घासायच्या, गंजावरचं केमिकल लावायचं आणि वरच्या मजल्याचं लिकेज बंद झाल्यावरच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे दुरुस्तीचं खास सिमेंट मिश्रण, भरायचं. पटलं मला. शुक्रवारी सकाळी दोघंजण आले आणि दिवसभर ठोकठोक ठोकठोक, घरभर धूळ, भांड्यांवर धूळ, देव्हाऱ्यात धूळ.

आता घरातली मंडळी. राणी आठ वर्षांची, बिल्डिंगच्या खालीच सापडलेली, तिला गोचीड ताप झालेला, प्लेटलेट बासष्ट हजारांवर आलेल्या, आता दीड लाखाच्या आसपास गेल्यात, डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स चालू आहे आणि शुक्रवारी सोळावा दिवस होता. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही आणि दूध-पनीरमधूनही नाही, म्हणून आई उकडलेल्या अंड्यात लपवून देते. आणि बंड्या, आमचा बोका. पाच वर्षांचा, पांढरा-पिवळा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, अंगाने जरा जास्तच भरलेला. कोरडं खाणं मनापासून खातो आणि पाण्याच्या भांड्याकडे ढुंकूनही बघत नाही.

माझं सगळं लक्ष राणीकडे होतं. धूळ तिच्या नाकात जाऊ नये म्हणून तिला बेडरूममध्ये ठेवलं, तिचा ताप बघत होते, हिरड्या बघत होते. बंड्याचा लिटरचा, म्हणजे शी-शूच्या मातीचा, ट्रे बाथरूमबाहेर त्या पॅसेजमध्येच असायचा, तो मी उचलून बाल्कनीत ठेवला, पावसाचे शिंतोडे येतात तिथे. आणि बंड्या पहिल्या हातोड्याला पलंगाखाली गेला तो बाहेर आलाच नाही. मी म्हटलं घाबरलाय, असू दे. रोज सकाळी लिटर साफ करताना माती घट्ट होऊन लघवीचे तीन गोळे निघतात, मोठ्या लिंबाएवढे. शनिवारी सकाळी एकही नव्हता. मी ते बघितलं, पुन्हा सांगते, डोळ्यांनी बघितलं, आणि वाटलं की ट्रे हलवला म्हणून कुठेतरी कोपऱ्यात केली असेल, नंतर शोधू. तेवढ्यात मिस्त्रींचा फोन आला आणि राहिलं ते राहिलंच.

शनिवारी रात्री पाऊस नुसता कोसळत होता. साडेनऊच्या सुमारास उघड्या स्लॅबमधून ठिबकायला लागलं, आधी थेंब, मग धार, आणि पाणी तिथल्या लाइटच्या पॉइंटमध्ये उतरलं असणार कारण ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा मेन स्विच, पडला आणि पूर्ण घर अंधारात. वर केला की परत खाली. नवरा जेएनपीटी बंदरात नाइट शिफ्टला, सकाळशिवाय सुटका नाही. आईने बादली लावली, मी मोबाइलचा टॉर्च घेऊन मेणबत्ती शोधायला बाल्कनीच्या दाराशी गेले आणि उजेड ट्रेवर पडला.

बंड्या ट्रेमध्ये बसला होता. पाठ कमानीसारखी, शेपटी ताठ, डोळे मिटलेले. जोर करत होता. मग उठला, दोन पावलं फिरला, पुन्हा बसला. खालची माती पूर्ण कोरडी. आणि आवाज काढला, त्याचा नेहमीचा नाही, घशातून खोल, लांबलेला. मला आधी वाटलं शी होत नाहीये, पोट गच्च झालंय. बहुतेकांना हेच वाटतं असं नंतर डॉक्टर म्हणाले. एका ओळखीच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या पॅरासिटामॉलचा पाव तुकडा दे, दुखणं थांबेल. कृपा करून हे कधीच करू नका. मांजराच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही, थोडंसंही विष ठरतं.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, शेवटची लघवी कधी केली? मला सांगता येईना. गुरुवार रात्र? शुक्रवार सकाळ? ते म्हणाले पोटाला हळूच हात लावून बघा, दाबू नका. मागच्या पायांच्या जरा पुढे, मोसंबीएवढं, दगडासारखं कडक काहीतरी हाताला लागलं. म्हणाले आत्ता निघा, सकाळची वाट बघू नका, माझ्याकडे रात्रीची सोय नाही, वाशीला रात्रभर उघडा असलेला दवाखाना आहे तिथे जा, मी फोन करून ठेवतो.

आई म्हणाली, "तू जा गं, मी आहे. राणीची गोळी पण देते. वरचं थांबत नाही आणि ह्याला होत नाही, काय पाणी मागे लागलंय आपल्या!" आणि तिचे डोळे भरून आले. बास्केटमध्ये टॉवेल टाकून बंड्याला घातलं आणि दोन मजले उतरले. दोन रिक्षावाल्यांनी मांजर बघून नाही म्हटलं, तिसऱ्याने काही न विचारता पडदा खाली सोडला आणि सायन-पनवेल हायवेने जुईनगर, सानपाडा करत वीस मिनिटांत पोचवलं. उतरल्यावर सुट्टे पण घेतले नाहीत नीट, म्हणाला आधी त्याला आत न्या. त्या माणसाचं भलं होवो.

पुढचं भराभर झालं. रक्त घेतलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन साडेसहाच्या वर, पोटॅशियम सात, दोन्ही खूपच जास्त. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, खडे नाही तर बारीक स्फटिक आणि चिकट पदार्थ यांचा बूच अडकला की लघवी पूर्ण बंद, मग किडन्यांवर उलटा दाब येतो, रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याने थेट हृदय थांबू शकतं. एक-दोन दिवसांतही खेळ संपू शकतो. हृदयासाठी इंजेक्शन, सलाइन, मग भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, अंगावर पॅसेजची धूळ तशीच, रिपोर्टचा कागद हातात ओला होत होता. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी पिशवी दाखवली, लालसर, चहासारखं पाणी. मी आयुष्यात कधी लघवी बघून देवाचे आभार मानले नव्हते.

मग त्यांनी विचारलं, घरात गेल्या काही दिवसांत काही बदल झालाय का? नवीन माणसं, आवाज, सामान हलवलं? मी सांगायला सुरुवात केली, प्लास्टर, हातोडा, ट्रे बाल्कनीत, आणि सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं मी काय बोलतेय ते. त्या म्हणाल्या एकट्या त्या कारणाने झालं असं नाही, पाणी कमी पिणं, कोरडं खाणं, वजन, घरातच राहणं हे सगळं आहेच, पण टेन्शन हे मांजरांच्या मूत्राशयाच्या त्रासाचं मोठं कारण आहे. आणि परक्या जागी ठेवलेल्या ट्रेत जायला नको म्हणून ती धरून ठेवतात. राणीसाठी मी बेडरूमचं दार लावून घेतलं, पंखा लावला, चादर बदलली. बंड्यासाठी काय केलं, तर त्याची एकमेव खाजगी जागा उचलून पावसात ठेवली. हे मला अजून आतून टोचतंय.

रविवारी नवरा ड्युटीवरून थेट वाशीला गेला आणि मी घरी. इलेक्ट्रिशियनने पॅसेजचा पॉइंट जंक्शन बॉक्समधून तोडला तेव्हा घरात उजेड आला. प्लंबर वरच्या काकांकडे गेला, नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतली पाणी जायची जाळी असते ती, चिंधीने बंद केला, लाल रंग कालवून पाणी भरलं, आणि तासाभराने आमच्या बादलीत गुलाबी थेंब. म्हणजे ट्रॅपचाच जॉइंट गेलाय. काका म्हणाले खर्च सोसायटीचा, सेक्रेटरी म्हणाले बाहेरच्या कॉमन पाइपचं असतं तर सोसायटीचं, आतल्या ट्रॅपचं सभासदाचं. सेक्रेटरींचं बरोबर होतं. पण काका पेन्शनवर, आणि काकूंनी सकाळीच न सांगता पोह्यांचा डबा पाठवलेला, आई घरी एकटी म्हणून. निम्मं निम्मं केलं. नियमाने मला द्यायचं नव्हतं, तरी मला ते योग्य वाटलं. आमचं मॉर्टर भरायचं मात्र सध्या थांबवलंय, ओल सुकू दे. मिस्त्रींना सांगितलंय की येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, त्या दिवशी बंड्या मामेबहिणीकडे सीवूड्सला जाईल, त्याचा ट्रे आणि त्याचीच माती घेऊन. दवाखान्याचे साडेबारा हजार झाले, हेही सांगून ठेवते, म्हणजे असं काही झालं तर अंदाज असावा.

सोमवारी दुपारी कॅथेटर काढलं, काही तास बघितलं आणि संध्याकाळी घरी सोडला. पुढचे काही दिवस पुन्हा तुंबू शकतं असं सांगितलंय. ट्रे पॅसेजच्याच बाजूला, पण दाराआड आडोशाला ठेवला, पाण्याची भांडी तीन केली, ओलं खाणं चालू केलं, त्यात वरून दोन चमचे कोमट पाणी. राणी त्याला हुंगून त्याच्या बास्केटला टेकून झोपली. मी पॅसेजमध्येच चटई टाकली.

मंगळवारी पहाटे माती उकरल्याचा आवाज आला. मी हललेच नाही, श्वास धरून पडून राहिले. उकरलं, थांबला, बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा माती ओढल्याचा आवाज आणि तो माझ्या पायांवरून चालत निघून गेला. टॉर्च लावून खुरप्याने हळूच माती बाजूला केली. एक गोळा. सुपारीपेक्षा जरा मोठा, ओला, घट्ट. आईला उठवून दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला, हात जोडले, आणि कालनिर्णयवर मंगळवारच्या चौकटीत पेनाने लिहिलं, बंड्या ५.१०.