अवघड जागेचं दुखणं आणि ईआर-पीआर

'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण माझ्या सासरवाडीला थोडी बदलून वापरतात. जावई डॉक्टर नसला म्हणून काय झालं, लॅबात तर आहे! तो जावई म्हणजे मी. बेळगावात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन. सासर खानापूर तालुक्यात, त्यामुळे तिकडच्या अर्ध्या गावाचे रिपोर्ट माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्याचा फॉर्म कन्नडमध्ये आणि घरातली काळजी मराठीत, अशी आमच्याकडची तऱ्हा. काय करायचं ते डॉक्टरच सांगतील, मी नुसते शब्द सोडवून देतो, हे बजावूनच मी फाईल उघडतो.

अलीकडे एक रिपोर्ट आला. (ओळख लागू नये एवढं बदलून लिहितोय.) पंचविशीच्या आतबाहेरचा पोरगा, एका वृषणात गाठ, ऑपरेशन झालेलं, निदान सेमिनोमा, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार. पाठवणारा त्याचा थोरला भाऊ.

"भावोजी, ह्यात ईआर-पीआर कुठं दिसंना की ओ. आमच्या काकूच्या रिपोर्टात होतं बघा. लॅबवाले इसरले काय?"

प्रश्न रास्त होता. (ईआर-पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर, पेशीतली हार्मोन पकडायची जागा.) काकूंचा स्तनाचा कॅन्सर, त्यांच्या रिपोर्टात ईआर पॉझिटिव्ह, मग रोजची गोळी सुरू. घरच्यांनी त्यावरून हिशोब बांधला की हार्मोनचा रिसेप्टर सापडला तर गोळीवर भागतं. आणि वृषण म्हणजे तर हार्मोनचा कारखानाच. मग तिथल्या कॅन्सरला रिसेप्टर नको?

स्तनाच्या गाठीच्या तुकड्याला ईआरचा रंग लावतो तेव्हा पॉझिटिव्ह पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. इस्ट्रोजेन त्या रिसेप्टरला चिकटतं आणि पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. टॅमॉक्सिफेन नावाचं औषध ती जागा अडवून बसतं. प्रोस्टेटचंही असंच. 1941 मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की वृषणं काढून टेस्टोस्टेरॉन बंद केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो. पुढे 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे तिथे वृषण काढतात ते हार्मोन तोडायला, आणि आपल्या पोराचं काढलं ते गाठच त्यात होती म्हणून. ऑपरेशन एकच, कारण साफ वेगळं.

वृषणाचे बहुतेक सगळे कॅन्सर, शंभरातले पंच्याण्णव म्हणा, बीजपेशींचे असतात. ज्या पेशींपासून शुक्राणू व्हायचे त्या. सेमिनोमाही त्यातलाच. या बीजपेशींना टेस्टोस्टेरॉनशिवाय चालत नाही, पण त्यांच्याजवळ स्वतःचा अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे टेस्टोस्टेरॉन पकडणारा, नसतो. तो असतो बीजपेशींना पोसणाऱ्या शेजारच्या सर्टोली पेशींकडे, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींकडे, शुक्राणूंच्या नळीभोवतीच्या स्नायूपेशींकडे. एफएसएच या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनचा रिसेप्टरही सर्टोलीकडेच. हार्मोनचा निरोप सर्टोली घेते आणि बीजपेशीला सांभाळते. तेव्हा टेस्टोस्टेरॉन तोडून सेमिनोमा मरेल ही आशा फोल आहे.

इस्ट्रोजेनचे रिसेप्टर मात्र तिथे आहेत. 1996 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदराच्या प्रोस्टेटमधून ईआरचा दुसरा प्रकार शोधला, ईआर बीटा. बीजपेशींत हाच महत्त्वाचा. सेमिनोमात हा बीटा कमी झालेला आढळतो, आणि पेशीच्या पडद्यावरचा जीपीईआर नावाचा वेगळा इस्ट्रोजेन रिसेप्टर वाढलेला. कागदावर चांगलं रंगतं हे सगळं, पण त्यावरून आज कुणाला गोळी देत नाहीत. म्हणून पॅथॉलॉजिस्ट मॅडम ईआर-पीआर मागवत नाहीत. गाठ कुठल्या जातीची हे ठरवायला त्या ओसीटी थ्री-फोर, सीडी 117, सॉल-फोर असे रंग मागतात. "इसरले न्हाईत, लागतच न्हाई," एवढं मी भावाला कळवलं. त्याला ते पटायला फोन करावा लागला, ती गोष्ट वेगळी.

खरी गंमत उलट्या बाजूला आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. या गाठी हार्मोनचं फारसं ऐकत नाहीत, पण काही गाठी स्वतःच हार्मोन सोडून बाकीच्या शरीराला कामाला लावतात. ते हार्मोन म्हणजे बीटा एचसीजी, गरोदरपणाच्या पट्टीवर दिसतं तेच. काही पुरुषांची ती पट्टी पॉझिटिव्ह येते ती यामुळे. (मेडिकलमधून पट्टी आणून बसू नका. निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही. पुष्कळ गाठी एचसीजी सोडतच नाहीत.)

एचसीजीची घडण एलएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या हार्मोनसारखी, दोघांचा रिसेप्टरही एकच, लायडिग पेशींवरचा. गाठीचं एचसीजी तिथे जाऊन बसतं, लायडिग पेशी जास्त काम करू लागतात, टेस्टोस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेनही वाढतं. ते जाऊन छातीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला लागतं आणि पोराची छाती फुगते, दुखते. आता विचार करा, तालमीत लंगोट लावून उतरणारा मुलगा अचानक शर्ट काढायला लाजतो. मित्र चिडवतात. तो छाती घेऊन डॉक्टरकडे जातो आणि खालच्या गाठीबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण ती दुखत नाही. विचारलंच तर "कुस्तीत मार लागलेला" किंवा "हायड्रोसील असंल". माराने हा कॅन्सर होत नाही; मार लागल्यावर हात तिकडे जातो आणि आधीचीच गाठ सापडते, एवढंच.

एचसीजी फारच चढलं तर ते थायरॉइडला कामाला लावणाऱ्या टीएसएच रिसेप्टरलाही लागू पडतं. वजन उतरणं, छातीत धडधड, हात थरथरणं, आणि मूळ दुखणं पाक दुसरीकडे.

म्हणून या आजारात रक्ताच्या तीन तपासण्या चुकवत नाहीत: एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच (गाठ असली तर रक्तात वाढू शकणारी द्रव्यं). ऑपरेशनआधी एकदा आणि नंतर पुन्हा पुन्हा. आकडे ठरल्या वेगाने उतरले नाहीत तर गाठ कुठेतरी उरली आहे असं समजतात. एएफपी वाढलेलं असेल तर स्लाइडवर नुसता सेमिनोमा दिसला तरी तो निव्वळ सेमिनोमा धरत नाहीत.

औषधाला रिसेप्टर नाही म्हणून भाऊ खचला होता. त्याला युवराज सिंग सांगितला. 2011 चा वर्ल्ड कप गाजवणाऱ्या युवराजच्या दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होती ती गाठ याच बीजपेशींच्या घराण्यातली, सेमिनोमाच. अमेरिकेत त्याच्यावर उपचार केले ते लॉरेन्स आइनहॉर्न यांनी. याच आइनहॉर्न यांनी 1974 मध्ये सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध दुसऱ्या औषधांबरोबर देऊन पसरलेला वृषणाचा कॅन्सरही बरा होतो हे दाखवलं. सिस्प्लॅटिन रिसेप्टर शोधत बसत नाही, थेट डीएनएला जोडतं. आज एकूण रुग्णांत नव्वद टक्क्यांहून जास्त बरे होतात. किमो ठरली तर त्याआधी वीर्य साठवून ठेवायचं का, हे मात्र पोराने लाज सोडून विचारायला हवं. लग्नाचं पाहतायत त्याच्या.

जाता जाता एक धंद्यातली तक्रार. तालुक्याच्या गावाहून बसने सॅम्पल येतं, अख्खं वृषण अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेलं. वृषणावरचं पांढरं आवरण इतकं चिवट असतं की न चिरता ठेवलं तर फॉर्मालिन (तुकडा सडू नये म्हणून घालतात ते द्रव) आत पोचतच नाही. बाहेरून टणक, आत सडलेलं. नीट ठेवलेला सेमिनोमा कापला की आत उकडलेल्या बटाट्यासारखा फिकट आणि एकसारखा दिसतो, त्याचा सेक्शन, म्हणजे पातळ काप, पाण्यावरही सुरेख तरंगतो. सडलेल्याचा तुकडा काचेवर थांबत नाही.

हार्मोन रिसेप्टर या आजारात नक्की मधे येतो ती जागा फार आधीची आहे, आईच्या पोटातली. बाळाच्या लायडिग पेशी आयएनएसएल थ्री नावाचं हार्मोन सोडतात. वृषणाला खाली ओढणाऱ्या दोरीवर त्याचा रिसेप्टर असतो. ते जमलं आणि पुढे टेस्टोस्टेरॉनची साथ मिळाली की वृषण पोटातून पिशवीत उतरतं. वर अडकलेल्या वृषणाला पुढे कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी जास्त. आमच्याकडे हे पहिल्यांदा कळतं ते बाळाला अंघोळ घालणाऱ्या बाईला. ती सांगते, "एकच लागतंय हाताला." मग आजी म्हणते, मोठा झाला की येईल खाली. सहा महिन्यांपर्यंत येतंही कधीकधी. त्यानंतर आपोआप उतरण्याची आशा थोडीच, म्हणून दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून ते खाली आणून बसवतात. धोका त्याने कमी होतो, पुरता जात नाही. पण पुढे कधी गाठ झालीच तर ती निदान हाताला लागते.