खाडीच्या नोंदी झेनोडोवर टाकताना

पेपर स्वीकारला गेला, पण जर्नलची अट होती: मूळ डेटा खुल्या भांडारात ठेवा. मी झेनोडो हे ऑनलाइन भांडार निवडलं. दोन दिवसांचं काम वाटलं होतं, लागले सात आठवडे.

ठाणे खाडीच्या ऐरोलीकडच्या काठाला तिवरांखाली मी तीन वर्षं पाण्याची क्षारता आणि खेकड्यांची बिळं मोजत होते. एक्सेलच्या एकोणीस फाइली झाल्या होत्या. खरा घोळ निघाला तारखांचा. एका ओळीत ०५/१०/२०२२. पाच ऑक्टोबर की दहा मे? लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर दिवस आधी, दुसऱ्यावर महिना आधी. क्षारता बरीच जास्त, म्हणजे मेमधलीच असणार. पण क्षारता ऋतूप्रमाणे बदलते हेच तर मला दाखवायचं होतं! त्याच आकड्यावरून तारीख ठरवली असती तर ती लबाडी झाली असती. शेवटी चिखलाने चिकटलेली वही काढली, पानं एकेक करून सोडवली. पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'मे, ओहोटी, कडक ऊन.' मग सगळ्याच तारखा २०२२-०५-१० अशा, वर्ष आधी घेऊन लिहिल्या.

रिकाम्या चौकटींनीही छळलं. शून्य म्हणजे बीळ नव्हतं, रिकामं म्हणजे मोजलंच नाही. मी दोन्हीला रिकामंच सोडलं होतं. अकरा नोंदींचा उलगडा वहीतूनही झाला नाही. तसं रीडमी फाइलमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या माहितीपत्रकात, स्पष्ट लिहिलं. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कधी तपासला, तेही त्यातच. डेटा सापडावा, मिळावा, इतरांच्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही २०१६ मध्ये मांडलेली 'फेअर' तत्त्वं मला पाठ होती. त्यांचा अर्थ या रकान्यांत कळला.

एक गोष्ट मात्र उघड करायची नव्हती. चिंबोऱ्यांच्या जागा मला कोळीवाड्यातल्या एका काकांनी दाखवल्या होत्या. त्यांचं पोट त्यावर आहे. म्हणून अक्षांश-रेखांश दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवले. त्यातून साधारण एक किलोमीटरचा चौकोन तेवढा कळतो. नकाशा घेऊन मी त्यांच्याकडे गेले, कारण झेनोडोवर एकदा प्रकाशित केलं की फाइली बदलायला सहसा नवी आवृत्ती काढावी लागते आणि जुनी तशीच राहते.

काकांनी नकाशावर बराच वेळ बोट फिरवलं. "यात माजी जागा कलंल का गो कोणाला?"

"नाही कळणार, काका."

"मंग टाक."

त्याच रात्री सीसी बाय परवाना (श्रेय देऊन कोणीही वापरावं असा) निवडून फाइली चढवल्या आणि डेटाचा कायमचा ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, जर्नलला कळवला.