वापसा आला का?

परवा आईचा फोन आला, नागपुरात सकाळचे सात, इथे ओहायोत आदल्या रात्रीचे साडेआठ. जेवलीस का वगैरे झाल्यावर म्हणाली, तुझी बाग काय म्हणते, काही लावलं की नाही अजून? तिच्याकडे प्रतापनगरच्या घरी आता कूलर बाहेर काढून धुणं चाललंय, टाकीला रंग मारायचाय, अंबाझरीकडे पळस पेटलाय म्हणे, आणि गच्चीवरचा सांबार ऊन लागून फुलावर चाललाय म्हणून ती हळहळत होती. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) मी खिडकीतून मागच्या यार्डात बघत होते. कुंपणाच्या सावलीत अजून मळकट बर्फाची एक पट्टी पडून आहे आणि बाकी सगळा नुसता चिखल. आईला म्हटलं, अजून काहीच नाही, मी थांबलेय.

हे थांबणं शिकायला मला दोन वर्षं लागली, म्हणून आज त्याबद्दलच लिहितेय.

आम्ही कोलंबसजवळच्या या घरात आलो तो पहिला मार्च मला चांगला आठवतो. चार महिने घरात कोंडून काढले होते, डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा, त्यात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, आणि अचानक एका शनिवारी वीस डिग्री! सगळी गल्ली हाफ पँटमध्ये बाहेर. मला वाटलं झालं, आला वसंत. दुकानातून फावडं आणि कुदळ आणली आणि मागचा दहा बाय बारा फुटांचा तुकडा एका दुपारीत खणून काढला, नवरा म्हणत होता माती फार ओली वाटतेय पण मला कुठलं ऐकायला. माती बुटाला किलोकिलोने चिकटत होती. आठ दिवसांनी ऊन-वारा लागून ती वाळली तेव्हा त्या तुकड्यात मातीच उरली नव्हती, ढेकळं होती, मुठीएवढी, नारळाएवढी, आणि खापरीसारखी टणक. हातोड्याने फोडून बघितली. त्या वर्षी तिथे गाजराचं एकही बी धड उगवलं नाही.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बाबांनी काटोलकडे बरीच वर्षं संत्र्याचं वावर सांभाळलंय. त्यांनी दोन सेकंद बघितलं आणि एवढंच विचारलं, "वापसा आला होता का? नव्हता ना? मग कायले घातली कुदळ, बेटा?"

वापसा! लहानपणापासून हजारदा ऐकलेला शब्द. पाऊस पडून गेला की बाबा आणि काका बांधावर उभे राहून हेच बोलायचे, वापसा आला का, उद्या येईल, परवा वखर घालू. मातीत ओल आहे पण पाणी साचलेलं नाही, कणांच्या मधल्या पोकळ्यांमध्ये थोडी हवाही आहे, अशी अवस्था म्हणजे वापसा. तो यायच्या आधी चिकण माती खणली किंवा नुसती तुडवली तरी त्या पोकळ्या दाबल्या जातात, कण एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर वीट तयार होते. नागपूरची काळी माती बेसाल्टची, म्हणजे ज्या दगडाची सीताबर्डीची टेकडी आहे त्याच दगडाची, आणि इथली माती हिमनद्यांनी हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेली, दोघींचं कूळ वेगळं पण दोन्ही चिकण, दोन्ही ओल्या असताना हात लावू नये अशा. इथे अजून एक भानगड असते. मार्चमध्ये वरची माती वितळते पण खाली कुठे कुठे ती गोठलेलीच असते, त्यामुळे पाण्याला खाली जायला वाटच नाही, वर सगळा रबडा.

इथले लोकही तेच करतात बरं का, फक्त त्यासाठी एक शब्द नाहीये त्यांच्याकडे. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा आणि अंगठ्याने टोचायचा. लाडू फुटून भुगा झाला तर खणा, अंगठ्याचा खड्डा पडून लाडू तसाच राहिला तर घरात जा. शेजारच्या आजोबांनी मला हे करून दाखवलं तेव्हा मला इतकं भरून आलं, कारण आमचे काका अगदी असंच करायचे, आणि दोघांच्या मध्ये अर्धी पृथ्वी.

मग वापसा येईपर्यंत करायचं काय, तर पुष्कळ आहे.

सगळ्यात आधी छाटणी, आणि इथेच माझी दुसरी चूक झाली. आपल्याकडे थंडी संपता संपता मोगरा छाटायचा हे हाताला इतकं पाठ असतं की मी न विचारता पुढच्या अंगणातलं लायलॅकचं झाड मार्चमध्ये मोगऱ्यासारखं खसाखस कापलं. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. लायलॅक मागच्या उन्हाळ्यातच कळ्या तयार करून ठेवतो आणि अख्खी थंडी त्या घेऊन उभा असतो, म्हणजे मी फुलंच कापून टाकली होती. मे महिन्यात सगळ्या गल्लीत तो वास दरवळत होता आणि आमच्या दारात नुसती पानं. आता नियम असा की लायलॅक, फोरसिथिया अशी वसंतात फुलणारी झुडपं फुलं संपल्यावरच छाटायची, आणि गुलाब फोरसिथियाला पिवळी फुलं आली की. फोरसिथिया हे इथलं पंचांग आहे म्हणा ना. ते फुललं की जमीन साधारण तेरा डिग्रीकडे चाललेली असते, म्हणजे लॉनमधलं क्रॅबग्रास नावाचं तण उगवायच्या बेतात, ज्यांना त्यावर औषध टाकायचं ते तेव्हा टाकतात. मी टाकत नाही, उपटते.

दुसरं म्हणजे मागच्या वर्षीचा वाळका पसारा. आमच्या घरी सकाळी उठून अंगण झाडून सडा घालायची सवय, त्यामुळे बर्फ वितळल्यावर दिसणारी ती कुजकी पानं, वाळक्या काड्या मला अजिबात बघवायच्या नाहीत, पहिल्या दोन वर्षी मी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दाताळं घेऊन सगळं खरवडून काढायचे. मग कळलं की त्या पोकळ काड्यांत छोट्या जंगली मधमाश्या हिवाळा काढतात आणि पानांखाली फुलपाखरांचे कोष असतात. दिवसाचं तापमान काही दिवस सलग दहा डिग्रीच्या वर राहू लागलं की ते बाहेर पडतात, तोवर त्यांचं घर कचऱ्याच्या पिशवीत भरायचं नाही. आता मी फक्त दारासमोरचं झाडते आणि मागचं एप्रिलपर्यंत तसंच ठेवते. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, बाळंतिणीची खोली कोणी झाडतं का, राहू दे. मला तिचं ते फार आवडलं.

किरकोळ कामं पटापट सांगते. ड्राइव्हवेच्या कडेला थंडीभर मीठ टाकलेलं असतं बर्फ वितळवायला, त्याने काठचं गवत जळतं, तिथे भरपूर पाणी मारून मीठ खाली जाऊ द्यायचं. बाहेरचा नळ आतून बंद केलेला असतो तो लगेच उघडायचा नाही, एका गोठलेल्या रात्रीत पाइप फुटतो. मॉवरचं पातं धार लावायला आत्ताच द्यायचं, एप्रिलमध्ये रांग लागते. थंडीत माती फुगून काही रोपं मुळासकट वर उचलली जातात, ती पायाने नाही तर हाताने हलकेच दाबून बसवायची. पाय ठेवायचाच झाला तर फळी टाकून.

आणि घरात मात्र माझी खरी शेती सुरू झालीये. इथे धोक्याची शेवटची थंड रात्र मेच्या मध्यापर्यंत कधीही येऊ शकते, म्हणून जुने लोक मदर्स डे झाल्याशिवाय, म्हणजे मेचा दुसरा रविवार गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावत नाहीत. नर्सरीच्या पाकिटावर जो झोन लिहिलेला असतो त्यावरून लावायची तारीख ठरवू नका, मी ठरवली होती. आमचा झोन ६ आहे, त्याचा अर्थ एवढाच की इथली वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने उणे २३ ते उणे १८ डिग्रीच्या मध्ये कुठेतरी असते, म्हणजे कुठलं झाड हिवाळा जगेल ते कळतं, रोप कधी लावायचं ते नाही. मिरची सावकाश उगवते म्हणून तिचं बी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेसमेंटमध्ये लाइटखाली टाकलं, टोमॅटो पुढच्या दोन आठवड्यांत. भिवापुरी मिरचीचं बी घरून आणायचा मोह मला दर वर्षी होतो, आईने एकदा पुडी बांधून पण ठेवली होती, पण परवाना आणि तपासणीच्या कागदाशिवाय बी आणता येत नाही आणि ते बरोबरच आहे, एका पुडीतून रोग आला तर कोणाचं तरी अख्खं शेत जाईल. इथली मिळते ती लावते.

वापसा आला की सगळ्यात आधी वाटाणा आणि पालक जातो बाहेर, त्यांना थोडी थंडी चालते. मग एप्रिलमध्ये इंडियन स्टोअरच्या पाकिटातले मेथीदाणे, आणि सांबार, धने चपलेखाली रगडून दोन फाका करून, अगदी आजीसारखे.

मागच्या आठवड्यात बाबांशी सफरचंदावरून बोलणं झालं. मागे लावलेल्या छोट्या झाडाला अजून एक पान नाही, मला काळजी वाटत होती. मी त्यांना सांगितलं की बहुतेक सफरचंदांना फुलायला सात डिग्रीच्या खालचे आठशे-हजार तास लागतात, थंडी कमी पडली तर बहर नीट येत नाही. ते लगेच म्हणाले, म्हणजे ताण! आंबिया बहारासाठी आपल्याकडे डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतात, महिना-दीड महिना, भारी जमिनीत त्याहून जास्त, झाड मलूल होतं, थोडी पानं गळतात, मग खत देऊन हलकं पाणी सोडलं की झाड फुलाने पांढरं होतं. लहानपणी मला ते उभं राहून बघवायचं नाही, विहिरीत पाणी असताना झाडं तहानलेली का ठेवायची. नागपूरला तशी थंडी नाही म्हणून माणसाला पाणी तोडावं लागतं आणि इथे ते काम हिवाळाच करतो, हे त्या फोनवर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. ते म्हणाले, झाडाला घाई नाही, तुला आहे.

आज सकाळी डबे भरून झाल्यावर परत यार्डात गेले. क्रोकसची दोन जांभळी फुलं उघडलीयेत, डॅफोडिलची पाती वीतभर वर आलीयेत (हरणं आणि ससे ट्युलिप फस्त करतात, डॅफोडिल विषारी म्हणून शिवत नाहीत, त्यामुळे मी तेच लावते). वाफ्यातली मूठभर माती घेतली, दाबली, अंगठा टोचला. खड्डा पडला, लाडू तसाच. तळहातावरच्या त्या लाडवाचा फोटो बाबांना पाठवला. तिकडे संध्याकाळ होती, लगेच निळ्या टिका झाल्या.

"अजून चार दिवस," त्यांनी लिहिलं. "पाऊस नाही आला तर."

हात धुतले आणि ऑफिसला लॉग इन केलं. रविवारी परत बघते.