तुम्ही विचारलंत म्हणून: रंग कधी सुरू करणार?

"मॅडम, रंग कधी सुरू करणार?" जूनमध्ये माझा चित्रकलेचा क्लास भरला की गणपतीपर्यंत हा प्रश्न मला दाराशी, फोनवर, भाजी घेताना ऐकावा लागतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला: "आणि हे जपानी कशाला? आपली रांगोळी, वारली काय कमी आहे का?" आजवर मी उभ्याउभ्या उत्तरं दिली आणि ती कुणालाच पटली नाहीत. म्हणून आज बसून लिहिते.

पहिले काही महिने माझ्याकडे जपानी नोतान चालतं, म्हणजे काळ्या आणि पांढऱ्या आकारांचा तोल. ६ इंची काळा चौकोनी कागद, त्याखाली मोठा पांढरा कागद, कात्री आणि खळ. चौकोनाच्या कडेतून एक आकार कापायचा आणि जिथून निघाला त्याच कडेवर, बिजागरीवर फिरवल्यासारखा, बाहेर उलटा ठेवायचा. आत पांढरं पान, बाहेर तेच पान काळं. एकही तुकडा टाकायचा नाही, वरून नवा जोडायचा नाही. नक्षी कितीही गुंतागुंतीची झाली तरी काळा कागद ३६ चौरस इंचच राहतो.

आता यात शिकण्यासारखं काय, ते सांगते. मुलाला फुलदाणी काढायला सांगा. तो ती कागदाच्या मधोमध काढतो आणि विचारतो, "मागे काय रंगवू?" त्याच्या लेखी फुलदाणी हे चित्र, आणि मागचा कागद म्हणजे राहून गेलेली जागा. काळ्या चौकोनात राहून गेलेली जागा नसतेच. कण्हेरीचं पान कापताना हात जरा हलला की काळं पान बिघडतं आणि पांढरंही, दोन्ही एकाच कात्रीत. मुलं आधी चिडतात. मग कधीतरी एखादी मुलगी दोन पाकळ्यांच्या मधली फट आधी बघते आणि पाकळ्या नंतर. मी त्या दिवसाची वाट बघत असते. तिला ते कुणी सांगितलेलं नसतं, सांगून येतही नाही.

मग रंग का नाही? कारण लाल रंग फार काही झाकतो. मांडणी कच्ची असली तरी लाल टाकला की घरचे "वा!" म्हणतात आणि मुलाचं बघणं तिथेच थांबतं. रंगांशी माझं वैर नाही. मी स्वतः जलरंगात काम करते.

रांगोळी आणि वारलीबद्दल. वारली मी दाखवते, दरवर्षी दाखवते. पण गेरूची भिंत तिथे भिंतच असते. पांढरी माणसं तिच्यावर नाचतात, भिंत नाचत नाही. वारलीत हे काही कमी आहे असं नव्हे, तिचं काम वेगळं. मला जे शिकवायचं आहे त्याच्या अधिक जवळ मथुरेची सांझी आहे, कागद कापून केलेली नक्षी. तीही दाखवते. आपलं सोडून परक्याच्या मागे लागलीस, असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं.

तरी सुरुवात जपानपासूनच करते, कारण हा विचार तिथे हाताच्या कामात मुरलेला आहे. मिए प्रांतात सुझुका इथे किमोनोच्या कापडासाठी कागदाचे साचे कापतात. तुतीच्या सालीचा कागद, टेंभुर्णीच्या कुळातल्या एका फळाच्या तुरट रसाने थरावर थर चिकटवलेला. त्यातून कापडावर तांदळाची खळ दाबतात. खळ बसली तिथे रंग धरत नाही, धुतल्यावर तिथे पांढरं उरतं. म्हणजे कारागीर जे कापून काढतो तेच कापडावर उजळतं. मधला तुकडा गळून पडू नये म्हणून बारीक दुवे राखावे लागतात आणि ते दुवेही नक्षीतलेच वाटले पाहिजेत. हे मुलांना सांगितलं की त्यांची कात्री आपोआप सावकाश होते.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. मी देते तो धडा त्याच रूपात जपानी शाळेतून आलेला नाही. अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन अभ्यासक १८७८ मध्ये टोकियोला शिकवायला गेला, पुढे बोस्टनच्या संग्रहालयात जपानी कलेचा प्रमुख झाला. तिथे १८९१ मध्ये त्याची आणि आर्थर वेस्ली डाऊ या अमेरिकन चित्रकार-कलाशिक्षकाची गाठ पडली. डाऊने १८९९ मध्ये रेषा, नोतान आणि रंग या तीन पायऱ्यांची शिकवण पुस्तकात मांडली, रंग शेवटी. प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ त्याच्याकडे शिकली. जपानी शाईचित्रात मात्र गडद आणि फिकट यांच्या मधल्या कितीतरी छटा असतात. हासेगावा तोहाकू या जुन्या जपानी चित्रकाराच्या पाइन वृक्षांच्या पडद्यांवर झाडं धुक्यात विरत जातात आणि बराचसा कागद कोराच आहे. माझ्या काळ्या चौकोनात ते धुकं नाही. हा आक्षेप कुणी घेतला तर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

आता एका मुलीबद्दल. आठवीतली, अबोल. तिने केलेला चौकोन माझ्याकडच्या चांगल्या कामांपैकी एक होता. तीन बाजू जवळजवळ अखंड ठेवून चौथ्या बाजूतून तिने लव्हाळ्यासारखी लांब पाती काढली होती. उजवीकडे काळी पाती झुकलेली, आत तेवढीच पांढरी, आणि वरचा सगळा कागद कोरा. मी विचारलं, वर काही नको का? ती म्हणाली, "वारा आहे तिथे." मी ते काम प्रदर्शनासाठी बाजूला काढलं आणि घरी दाखवून आण म्हटलं. दोन दिवसांनी ते परत आलं तेव्हा वर स्केचपेनने सूर्य होता, फुलपाखरं होती, आणि आतल्या पांढऱ्या पात्यांत हिरवा रंग भरलेला. "बाबा म्हणाले, रिकामं दिसतंय." तिने भरलं होतं की वडिलांनी, ते मी विचारलं नाही. रेघा मात्र मोठ्या माणसाच्या हाताच्या होत्या. ती माझ्याकडे न बघता खळीच्या डबीचं झाकण लावत होती. आम्ही ते काम तसंच भिंतीवर लावलं, कारण तिला ते काढून घ्यायचं नव्हतं. दिवाळीनंतर आईचा फोन आला: तिला दुसरीकडे घातलंय, तिथे थेट इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करून घेतात.

तिला ए ग्रेड मिळाली. मला मनापासून आनंद झाला. आणि म्हणूनच हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. सुरुवातीच्या काळात मी पालकांना सांगायचे, नोतान करा, संकल्पचित्राच्या पेपरात फायदा होतो. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं: हे तुला खरंच माहीत होतं, की मुलं टिकावीत म्हणून म्हणत होतीस? ती तेव्हाची मी लगेच म्हणेल, मुलं टिकली नाहीत तर शिकवणार कुणाला? आमचं दोघींचं यावर अजून पटलेलं नाही.

त्या वडिलांवर माझा राग नाही. त्यांनी मुलीच्या कामात प्रेमानेच भर घातली. पण जिथे वारा होता तिथे आता फुलपाखरं आहेत, आणि तिला पुन्हा कोरी जागा ठेवावीशी वाटेल का, हे कुठल्याच ग्रेडमधून कळत नाही. मला तेवढंच जाणून घ्यायचं आहे.

यंदाही दिवाळीपर्यंत काळा कागदच राहील. फक्त पालकसभा पहिल्याच आठवड्यात घेणार आहे, आणि प्रत्येकाला एक चौकोन आणि कात्री देणार आहे. एक पान कापून उलटं ठेवा. रंगांचं त्यानंतर बोलू.